आवाज वाढवू नका, सतरंजी पुढे ओढा

पोरांनो, चार गिटारींचा हा गट आता तुमच्या हाती आहे. सभागृहात कसं वाजवायचं हे तुम्हाला माझ्यापेक्षा बरं जमतं, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. पण शाळेत कसं वाजवायचं हे कुठल्या पुस्तकात नाही आणि ग्रेडच्या परीक्षेत कुणी विचारतही नाही. मिरजेपासून तासगाव, कवठेमहांकाळ, पार जतच्या टोकापर्यंत गिटारी घेऊन फिरताना जे हाताला लागलं, ते सांगतो. पटेल ते ठेवा, न पटेल ते सोडा. फक्त सोडण्याआधी एकदा करून बघा.

पहिली गोष्ट अशी, की नायलॉन तारांची गिटार हे हळू आवाजाचं वाद्य आहे. चार गिटारी एकत्र वाजल्या म्हणून आवाज चौपट होत नाही. कानाला तो जेमतेम दीडपट वाटतो. आणि समोर शंभर पोरं नुसती चुळबुळली, तरी तेवढा आवाज सहज गिळून टाकतात. इथे बहुतेक जण स्पीकर मागवतात. तुम्ही मागवू नका. आवाज वाढवायचा नाही, अंतर कमी करायचं. यापुढे जे सांगणार आहे ते सगळं या एका गोष्टीतून निघालेलं आहे.

आता शाळेतून फोन येतो तेव्हाचं. मुख्याध्यापक हमखास म्हणतील, "आमच्या गॅदरिंगला या, मोठा कार्यक्रम करू." नम्रपणे नको म्हणा. स्नेहसंमेलनात मुलं नाचाच्या कपड्यांत, तोंडाला पावडर लावून, आपला नंबर कधी येतो या काळजीत बसलेली असतात. आई-बाप मोबाइल वर करून उभे असतात. स्पीकर आधीच फाटेपर्यंत वाजत असतो. त्यात तुमची गिटार म्हणजे दोन नाचांमध्ये पडदा बदलेपर्यंतची सोय. त्यापेक्षा साधा शनिवार मागा. शनिवारी सकाळची शाळा असते, हवेत गारवा असतो, मुलं ताजी असतात. आता जिल्हा परिषदेच्या शाळांत 'आनंददायी शनिवार' हा उपक्रमही आहे, त्यामुळे वेळ काढायला शिक्षकांनाही अडचण येत नाही. परिपाठ संपला की लगेच सुरू करा. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या एवढं झाल्यावर मुलं रांगेत असतात आणि मन जाग्यावर असतं. मधल्या सुट्टीच्या तोंडावर कधीही वाजवू नका. खिचडीचा वास सुटला की तारेगासारखा गिटारचा उस्ताद येऊन वाजवू लागला, तरी पोरांचं नाक स्वयंपाकघराकडेच राहणार, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही.

एका वेळी किती मुलं? शाळा म्हणेल, सगळी. साडेचारशेच्या साडेचारशे एकदम बसवतो, म्हणजे कुणाचा अभ्यास बुडणार नाही. ऐकू नका. शंभराच्या आसपास एक तुकडी धरा आणि तोच कार्यक्रम पुन्हा करा. दमायला होतं, हे खरं. पण चारशेंच्या मागच्या रांगेतल्या पोराला काही दिसत नाही, काही ऐकू येत नाही, आणि त्याने पुढच्याच्या शर्टात खडू टाकला की तुम्ही म्हणणार, मुलं वात्रट आहेत. जमलं तर पहिली ते चौथी वेगळी आणि पाचवीच्या पुढची वेगळी. लहानांना अर्धा तास पुरे, मोठ्यांना एक तासिका. त्याहून जास्त वाजवावंसं वाटलं, तर ती हौस तुमची समजा, मुलांची नव्हे.

जागेचं बोलू. शाळा तुम्हाला अभिमानाने पत्र्याची शेड दाखवेल, पुढे सिमेंटचा ओटा, त्यावर संस्थाचालकांचे फोटो. त्या ओट्यावर चढू नका. पत्र्याखाली आवाज घुमतो, एक सूर संपायच्या आत दुसऱ्यावर चढतो, आणि पाऊस आला तर सगळंच संपलं. त्यापेक्षा दोन वर्गांमधलं दार उघडून होणारी मोठी खोली, नाहीतर तीन बाजूंनी भिंत असलेली पडवी मागा. मुलं सतरंजीवर, तुम्ही त्यांच्याच पातळीवर खुर्चीत. अर्धगोल करून बसवा, लांबच लांब रांगा नकोत. सगळ्यात लहान पुढे. शेवटच्या पोराला तुमच्या उजव्या हाताची बोटं दिसली पाहिजेत, हेच माप. ती दिसत नसतील तर सतरंजी पुढे ओढा, पहिली रांग पार पायाशी आली तरी चालेल. पाय लांब करणारं एखादं पोर तुमच्या बुटाला हात लावेल, लावू दे.

खुर्च्यांचं मात्र फोनवरच ठरवून घ्या. गिटारवाल्यांना हात नसलेल्या खुर्च्या लागतात, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. शाळा प्रेमाने ऑफिसातल्या पाहुण्यांच्या खुर्च्या आणून ठेवते, गुबगुबीत आणि दोन्ही बाजूंना हात. त्यात गिटार मांडीवर बसत नाही, कोपर अडकतं, आणि तुम्ही तिरपे होऊन वाजवता. प्लास्टिकच्या हातवाल्या खुर्च्यांचंही तेच. वर्गातली शिक्षकांची साधी लाकडी खुर्ची चालते, नाहीतर बाक आडवा टाकून बसा. पाय ठेवायचं स्टूल घरून न्या. शाळेत त्याऐवजी वीट मिळते, ती डगमगते. पंख्याखाली स्वरलिपीची पानं उडतात म्हणून कपड्यांचे चिमटे पिशवीत असू द्यात. शाळेच्या कार्यक्रमाला पाठांतर असेल तर फार बरं. कागदात डोकं घातलेला वादक मुलांना परीक्षेला बसलेला वाटतो.

माइक एकच घ्या, तोही बोलण्यासाठी. तो नको असेल तर आणखी उत्तम. कधी जागेचा इलाजच नसतो आणि मंडपवाल्याचा सेट लावून वाजवावं लागतं. तेव्हा माइक गिटारच्या भोकासमोर धरू नका, तिथून नुसता घुमारा येतो. मान जिथे बॉडीला जुळते, तिकडे तोंड करून वीतभर अंतरावर ठेवा आणि स्पीकर तुमच्या पुढे असू देत, मागे नको, म्हणजे शिट्टी मारणार नाही. आणि वीज गेली तर थांबू नका. वीज गेल्यावर पंखे बंद होतात, अख्खी खोली शांत होते, आणि गिटार पहिल्यांदा खरी ऐकू येते.

वाद्यं नेण्याबद्दल थोडक्यात. मार्च-एप्रिलमध्ये बंद गाडीत गिटार ठेवून चहाला जाऊ नका. आतल्या उष्णतेने सरस नरम पडतो आणि घोडी उचलते. पोचल्यावर गिटार खोक्यातून काढून सावलीत ठेवा, तिला त्या हवेची सवय होऊ द्या, मग लावा. तारा आदल्या दिवशी बदलू नका. नव्या नायलॉनच्या तारा काही दिवस ताणत राहतात आणि प्रत्येक तुकड्याआधी तुम्हाला खुंट्या पिळायला लावतात. मुलं गोंगाट करत असताना कानाने लावणं शक्य नसतं, म्हणून गिटारच्या डोक्याला चिमट्याने लावायचा ट्यूनर वापरा. तो हवेतला आवाज ऐकत नाही, लाकडाचं कंपन घेतो. मात्र शाळेतली पेटी सोबत वाजणार असेल, तर ट्यूनर खिशात टाका आणि पेटीला मिळवून घ्या. पेटी काही तुमच्यासाठी बदलणार नाही. सुट्या तारा न्यायच्या त्यात चौथी तार जास्तीची घ्या, तुटायला तिलाच घाई असते. तुटली तर मुलांसमोर नवी घालत बसू नका, उरलेल्या तिघांनी पुढे जायचं. मुलांना तुटलेली तार हीच मोठी गंमत असते, ती नंतर दाखवा.

आता सुरुवात. तुम्ही आत आलात की मुलं एका सुरात "एऽक साऽथ नमस्ते" म्हणतील. हसून नमस्कार करा. शिक्षक म्हणतील, "हाताची घडी, तोंडावर बोट." इथे तुमचं पहिलं काम असतं. शिक्षकांना दुखावल्याशिवाय हाताची घडी सोडायला लावायची. म्हणा, "सर, यांचे हात मला लागणार आहेत." एवढं पुरतं. घडी घातलेलं पोर ऐकत नाही, शिक्षा संपायची वाट बघतं. दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय हे सगळं कार्यक्रम संपल्यावर मुख्याध्यापकांच्या खोलीत चहाबरोबर उरकावं, असं आधीच सांगून ठेवा. शाळा ऐकते. नाही ऐकलं तर श्रीफळ घ्या आणि पटकन खाली बसा.

बसल्यावर बोलू नका. वाजवा. "बालमित्रांनो, आज आम्ही तुमच्यासाठी" असलं काहीही नको. पहिला तुकडा दीड-दोन मिनिटांचा, तालात चालणारा, आणि पहिल्या सुरालाच हळू. हळूच सुरुवात करा. मोठ्याने सुरू केलंत तर मुलं त्याहून मोठ्याने बोलतात. हळू सुरू केलंत तर पुढची रांग वाकते, मागची रांग पुढचीला गप्प करते, आणि शिक्षकांना छडीकडे बघायचीही गरज राहत नाही. शाळेतलं सगळं शास्त्र या पहिल्या अर्ध्या मिनिटात आहे, बाकी मी सांगतोय तो पाल्हाळ.

कुठलं संगीत न्यायचं, यावर प्रत्येक गटात भांडण होतं. एक बाजू म्हणते, मुलांना माहीत असलेलीच सिनेमाची गाणी वाजवा, नाहीतर ती कंटाळतील. दुसरी म्हणते, आपण कशाला उतरायचं, बाख वाजवू. दोन्ही बाजूंना मुलं माहीत नाहीत. मुलाला ओळखीच्या-अनोळखीचं काही पडलेलं नसतं. त्याला आवाज कुठून येतोय ते दिसायला हवं. जो आवाज कसा निघतो ते डोळ्यांना दिसतं, तो कितीही नवखा असला तरी पोर त्याच्यामागे जातं. म्हणून असे तुकडे निवडा ज्यात हात काहीतरी करताना दिसतात.

उदाहरण देतो. क्यूबाचे लिओ ब्राउवर यांनी १९८४ मध्ये चार गिटारींसाठी 'क्यूबन लँडस्केप विथ रेन' लिहिलं. सुरुवातीला थेंब थेंब पडतात, एक इकडच्या गिटारीतून, एक तिकडच्या. मग दाट होत जातं, आणि पुढे तारा वर ओढून सोडल्या की त्या मानेवर फाडकन आपटतात, गारा पडल्यासारख्या. पाचवीच्या पुढच्यांसाठी हा तुकडा ठेवा. पण आधी नाव सांगायचं नाही! 'आता पाऊस ऐका' म्हणालात की मुलं पाऊस शोधत बसतात आणि संगीत हातचं जातं. वाजवून झाल्यावर विचारा, काय काय ऐकलं. कुणी पाऊस म्हणेल, कुणी घोडे, कुणी कढईतल्या मोहऱ्या. सगळी उत्तरं बरोबर म्हणा आणि मग नाव सांगा. चौथीच्या खालच्यांना हा तुकडा लांब पडतो. त्याची काटछाट करू नका, त्यांच्यासाठी स्वतःचा पाऊस करा. चौघांनी बॉडीवर नखांनी टकटक, मग बोटांनी, मग तळव्याने, आणि ते मुलांच्या हातांकडे सोपवा. पत्र्यावर खरा पाऊस आला तर मात्र हातातली गिटार खाली ठेवा आणि मुलांबरोबर ऐका. त्याच्यापुढे कुणाचंच चालत नाही.

दुसरा हुकमी तुकडा तारेगाचा. फ्रान्सिस्को तारेगा (१८५२–१९०९) या स्पॅनिश वादकाच्या 'ग्रान होता'मध्ये एक जागा आहे. पाचवी आणि सहावी तार एकमेकींवर चढवून दाबतात आणि छेडतात, की तारांचा सूर जातो आणि संचलनातल्या ड्रमसारखा कडकड आवाज येतो. अख्खा 'ग्रान होता' शाळेत नको, फक्त ती जागा घ्या. आधी नुसती ऐकवा, मुलं खिडकीबाहेर बघतील, ढोल कुठे वाजतोय म्हणून. मग हात जवळ नेऊन दाखवा. गणपतीत ताशा वाजवणारी पोरं वर्गात असतातच. त्यांना बोलावून तो ताल हाताने धरायला लावा आणि तुम्ही त्यांच्या मागे जा. तालाच्या बाबतीत आपल्याकडची पोरं तुमच्याहून दोन पावलं पुढे असतात, हे विसरू नका.

तुमच्यापैकी कुणी स्लाइड शिकलं असेल तर गिटार मांडीवर आडवी ठेवून पोलादी बार फिरवून दाखवा. पंडित ब्रिजभूषण काबरांनी या आडव्या गिटारीवर रागसंगीत वाजवलं. १९६७ चं 'कॉल ऑफ द व्हॅली' तुम्ही सगळ्यांनी ऐकलं आहे, त्यात शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि काबरांची गिटार मिळून काश्मिरातल्या एका मेंढपाळाचा दिवस सांगतात. मुलांना यातलं काही सांगायची गरज नाही. पण गिटार म्हणजे फक्त उभं राहून उड्या मारत वाजवायचं वाद्य, असं टीव्ही बघून त्यांच्या डोक्यात बसलेलं असतं. मींड ऐकली की ते आपोआप उतरतं.

ओळखीचं गाणंही हवं, पण एकच आणि तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर. मी 'नाच रे मोरा' घेतो. १९५३ च्या 'देवबाप्पा' चित्रपटातलं हे गाणं, शब्द गदिमांचे, चाल पु. लं.ची, आणि अजून पहिलीतल्या पोराला पाठ असतं. हे वाजवलं की मुलं गाणारच, थांबवू नका. म्हणून सूर त्यांचा ठेवायचा, तुमचा नाही. तुम्हाला डी सोपा पडतो म्हणून मुलांना खाली खरजात घुसमटवू नका. लहान मुलं साधारण काळी चारला मोकळी गातात. काळी चार म्हणजे जी शार्प, गिटारला अडचणीचा सूर. म्हणून चौघांनीही पहिल्या पडद्यावर कॅपो लावून जीच्या आकारांत वाजवायचं. काळी पाच हवी असेल तर कॅपो तिसऱ्यावर, आकार तेच. क्लासिकल गिटारची मान सपाट असते, तिचा कॅपोही सपाट लागतो. स्टील तारांच्या गिटारीचा गोलसर कॅपो त्यावर नीट बसत नाही आणि मधल्या तारा खर्र करतात.

टाळ्यांचं बघा. मुलं टाळ्या वाजवू लागली की लय पळते, दर आवर्तनाला थोडी थोडी. तिच्यामागे पळू नका आणि तिला ओढूही नका. खर्जाची गिटार ज्याच्याकडे असेल त्याने अंगठा जड करायचा, बाकीच्यांनी त्याच्याकडे बघायचं. म्हणूनच त्याला मधे बसवायचं, कडेला नाही. तरीही पळाली, तर हाताने खूण करून टाळ्या दोन बोटांवर आणा. दोन बोटांच्या टाळीला आवाज कमी असतो आणि पोरांना तो खेळ वाटतो.

एक खेळ मात्र न चुकता खेळा. पाचवी तार मुद्दाम उतरवायची. मग सहाव्या तारेवर पाचव्या पडद्याचा सूर धरायचा आणि मुलांना सांगायचं, मी पाचवी तार चढवत आणतो, दोन्ही एक झाल्या की "लागली!" म्हणून ओरडा. तार जवळ येते तसे हेलकावे सुरू होतात. एक सेकंदाला ११० वेळा थरथरत असेल आणि दुसरी ११२ वेळा, तर सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. मग ते लांबत जातात, आणि थांबतात. शंभर पोरं श्वास धरून तुमच्या खुंटीकडे बघत असतात. एखादं पोर इतरांच्या आधी ओरडतं आणि बरोबर असतं. त्याच्याकडे लक्ष ठेवा, शिक्षकांना त्याचं नाव विचारा. मिरजेतल्या शाळेत असाल तर तंबोरा सोबत न्या. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याआधीपासून तिथल्या तंतुवाद्य बनवणाऱ्या घरांतली मुलं हा खेळ जन्मतः खेळत आलेली आहेत. त्यांच्यापुढे जरा जपून.

सातवी-आठवीसाठी पट्टी काढा. एका मुलाला पुढे बोलावून वरच्या हाडापासून घोडीपर्यंत तार मोजायला लावा. बहुतेक गिटारींत ती ६५ सेंटिमीटर भरते. आता अर्ध्यावर, साडेबत्तीसला, बोट नुसतं टेकवून छेडा. घंटेसारखा सूर येतो, मोकळ्या तारेच्या बरोबर वरच्या सप्तकातला. तिथेच बारावा पडदा निघतो. एक तृतीयांशावर सातवा पडदा, एक चतुर्थांशावर पाचवा, फार तर मिलिमीटरभर इकडेतिकडे. गणिताचे शिक्षक मागे उभे असतात ते इथे हमखास पुढे येतात. त्यांच्या हाती पट्टी द्या आणि तुम्ही बाजूला व्हा.

बोलण्याबद्दल एकच नियम. ज्याचं उत्तर "होऽऽऽ" असं येतं, तो प्रश्न विचारायचा नाही. "मजा येतेय का?" "आणखी ऐकायचं का?" एकदा शंभर पोरांनी हो म्हणून गळा काढला की पुन्हा शांत व्हायला पाच मिनिटं जातात, आणि मजा येत नसली तरी ती हो म्हणतातच. बोलणारा एकच असावा आणि तो गावची भाषा बोलणारा असावा. शुद्ध पुस्तकी मराठीत बोलणारा पाहुणा मुलांना तपासणीला आलेला साहेब वाटतो.

प्रश्न मुलांना विचारू द्या. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ही केवढ्याला?" खरी किंमत सांगा. लाजून टाळलंत तर त्यांना वाटतं फार महाग असणार, आपलं काम नाही. दुसरा प्रश्न नखांचा येतो. शाळेत दर सोमवारी नखं तपासतात आणि वाढलेली दिसली की बोटांवर बसते. आणि इथे हे काका-ताई उजव्या हाताची नखं वाढवून बसलेत! सांगा, की उजव्या हाताची नखं म्हणजे आमचं तार छेडायचं हत्यार, आणि लगेच डावा हात दाखवा, तिथे ती अगदी कापलेली असतात. मागे उभ्या असलेल्या बाईंकडे बघून हे सांगायचं, म्हणजे पुढच्या सोमवारी कुणी "मी गिटार शिकणार आहे" म्हणून सुटू पाहिलं तर त्यांना उत्तर तयार असेल.

आणि हात लावू द्या. न लावता परत पाठवणं म्हणजे वाढलेलं ताट दाखवून उचलणं. त्यासाठी जुनी, ओरखडे पडलेली एक गिटार वेगळी न्या आणि ती ओपन जीमध्ये लावून ठेवा, खालून डी, जी, डी, जी, बी, डी. अशी लावलेली गिटार कुणीही, कशीही छेडली तरी सुरात वाजते. पोराने नुसता अंगठा फिरवला की पूर्ण सूरमेळ निघतो आणि त्याचा चेहरा फुलतो. नेहमीच्या लावण्यात तेच पोर खडखडाट काढतं आणि मला जमत नाही म्हणून मागे जातं. डावखुऱ्या पोराला उलटी धरू द्या, दुरुस्त करत बसू नका. आणि बोलावल्याशिवाय पुढे न येणारी मुलगी प्रत्येक वर्गात असते. गिटार तिच्यापर्यंत घेऊन जा.

मूकबधिर मुलांच्या शाळेतून बोलावणं आलं तर कचरू नका. तिथे फुगे घेऊन जा. फुगवलेला फुगा दोन्ही तळव्यांत धरून गिटारीजवळ बसवलं की खर्जाचे सूर हातात येतात. त्याहून चांगलं म्हणजे मुलाचा तळवा थेट गिटारच्या पाठीवर ठेवायचा. सहावी तार मोकळी सोडली की ती सेकंदाला सुमारे ८२ वेळा थरथरते, ते हाताला स्वच्छ कळतं. अंधशाळेत मात्र आधी प्रत्येकाने आपल्या जागेवरून नाव सांगून एक सूर वाजवायचा, म्हणजे कोण कुठे बसलंय ते मुलांच्या मनात मांडलं जातं. मग कोण वाजवतंय ते मुलंच तुम्हाला सांगतील, आणि कुणाची तार उतरली आहे तेही.

कार्यक्रमानंतर दोन गोष्टी होतात. एक, कुणीतरी दानशूर पाहुणा म्हणतो, शाळेला एक गिटार भेट देऊ. थांबवा त्याला. ती लावणारा शिक्षक शाळेत नसेल तर महिन्याभरात ती कपाटावर जाते, तारा गंजतात, आणि पुढच्या वर्षी मुलांना सांगितलं जातं की गिटार हे बंद पडणारं वाद्य आहे. आधी एका शिक्षकाला लावायला शिकवा, मग गिटार द्या. दुसरी गोष्ट, संध्याकाळी कुणाच्या तरी बापाचा फोन येतो, पोरगं हटून बसलंय, कुठली घेऊ? आठ-दहा वर्षांच्या मुलाला पाऊण मापाची, त्याहून लहानाला अर्ध्या मापाची, नायलॉन तारांचीच, हे सांगा. तारा मानेपासून फार उंच असतील तर कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका म्हणावं. बोटं दुखली की पोरगं आठवड्यात सोडतं आणि घरचे म्हणतात, याला चिकाटी नाही.

मुलांचे फोटो शाळेला विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका. तिकीट लावू नका, आणि मुलांकडून दहा-दहा रुपये गोळा करून मानधन देणाऱ्या शाळेकडून ते घेऊ नका. जाण्यायेण्याचा खर्च मात्र जरूर मागा, संकोच कसला.

आणि एकेका शाळेत एकदाच जाऊन दहा शाळांचा आकडा सांगत फिरू नका. त्यापेक्षा पाच शाळांत दोनदा जा. दुसऱ्या खेपेला मुलं तुम्हाला नावाने ओळखतात, हेलकावे थांबायच्या आधी "लागली" म्हणतात, आणि मागच्या वेळी खिडकीबाहेर बघणारं पोर पहिल्या रांगेत जागा धरून बसतं. म्हणून तुम्ही नव्या शाळांची यादी काढण्याआधी मागच्या वर्षीच्या शाळांना फोन करा. शनिवार मागा, हात नसलेल्या चार खुर्च्या मागा, आणि मधली सुट्टी किती वाजता ते विचारून घ्या.